आणि पार्टी

रिक्षावाल्याला वच्छलानं आधी सांगितलं, हळू चालव. पुढच्याच चौकात म्हणाली, किती हळू चालवतोस. त्यानं आरशातून एकदा मागं बघून घेतलं. साठीला टेकलेली बाई, मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल, चपटं, आणि त्यावर दोन्ही पंजे असे दाबलेले की सोडले तर ते उडून जाईल.

"केक हाय का काकू?"

"रेकॉर्ड हाय. गाण्याची. खड्डा चुकव."

"चुकवून जायचं कुटं? तितं दुसरा असतोय की."

वच्छलाचा डावा पाय रिक्षाच्या पत्र्यावर टकटक वाजत होता. तो तिच्या ताब्यात कधीच नव्हता. शाळेच्या ऑफिसात आख्खी नोकरी तिनं हा पाय टेबलाखाली हलवत काढली. निरोपाच्या भाषणात हेडमास्तर म्हणाले होते, वच्छलाबाई गेल्या की ऑफिसचं टेबल पहिल्यांदा स्थिर होईल. लोक हसले. तीही हसली आणि पाय हलवत राहिली.

पण आजचं कारण वेगळं होतं. मांडीवरची वस्तू तिची नव्हती. शुक्रवार पेठेतल्या सिद्धेश्वरअण्णाची होती आणि संध्याकाळी तो परत न्यायला येणार होता. तेवढ्या वेळात त्या रेकॉर्डमधून एक नाव बाहेर काढायचं होतं.

सिद्धेश्वरचे वडील वीरभद्रप्पा मास्तर. पेटी वाजवायचे, गाण्याची पार्टी घेऊन जत्रा-उरुस फिरायचे. येत्या रविवारी त्यांची जन्मशताब्दी. सोलापुरात माणूस मोठा होता हे ठरवायची रीत ठरलेली आहे: चौकात बॅनर, सभागृहात शाल, आणि ज्यांनी त्याला कधी ऐकलं नाही त्यांची भाषणं. ते सगळं होणार होतं. शिवाय मास्तरांची एकुलती एक रेकॉर्ड, तिचीही उरलेली एकच प्रत, वाजणार होती. मुंबईला जाऊन भरलेली, जुन्या पद्धतीची, जड, जोरात फिरणारी. तिच्या मधल्या लाल कागदावर छापलंय: वीरभद्रप्पा आणि पार्टी.

त्या गाण्यात मास्तर पेटी वाजवतात आणि मधे मधे "अहाहा" म्हणतात. गातं कोण? पार्टी. पार्टी म्हणजे नीलम्मा. मंद्रूपची सतरा वर्षांची पोरगी, पुढं जाऊन वच्छलाची आई. लहानपणी वच्छलानं लेबल वाचून विचारलं होतं, अव्वा, पार्टी कोण गं? आई भाकरी थापत म्हणाली, मीच की. तेव्हापासून गल्लीत तिला पार्टीबाई म्हणायचे. मानानं नव्हे. पाण्याच्या रांगेत कुणी पुढं घुसलं आणि नीलम्मानं तोंड उघडलं, की "बसा पार्टीबाई, गाणं नको" असं.

आणि आता रविवारच्या पत्रिकेवर छापून आलं होतं: स्वर, कै. सरोजिनी वीरभद्रप्पा. सरोजिनी म्हणजे मास्तरांची बायको, सिद्धेश्वरची आई. ती कधीच गेलेली. तिनं जन्मात माजघराबाहेर आवाज काढला नव्हता.

जिवंत बाईचा आवाज मेलेल्या बाईच्या नावावर चढवला आणि खाली "आपले नम्र" लिहिलं. किती सोपं असतं बघा.

नीलम्माचं म्हणणं एकच होतं, आणि ते ती आयुष्यभर सांगत आली होती. गाणं संपल्यावर मी नाव सांगितलंय. मास्तरांच्या घरी भोंग्याचा फोनो होता, त्यावर त्यांच्याही बापाच्या वेळच्या रेकॉर्डी वाजायच्या. त्या गाणाऱ्या बाया शेवटी आपलं नाव सांगायच्या. पोरीला वाटलं, हा नियमच आहे. शाळेत हजेरी द्यावी तसं गाणं झालं की नाव द्यायचं. तिनं दिलं. मुंबईचा रेकॉर्ड भरणारा माणूस हसला म्हणे, पण थांबवलं नाही.

मग ते ऐकू का येत नव्हतं? कारण खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. विणकर मागाला हळदकुंकू लावतो, रिक्षावाला हॅन्डलला, आणि मास्तर पेटीला, तबल्याला आणि रेकॉर्डला. तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं. लेबलच्या कडेकडेनं, गोल. म्हणजे बरोबर तिथं, जिथं गाण्याचा शेवट असतो. दर वर्षी एक थर. मास्तर गेल्यावर सिद्धेश्वरनं तेच चालू ठेवलं. शेवटच्या रेषा कुंकवानं भरून दगड झाल्या. सुई तिथं आली की करकर करायची आणि कुणीतरी ती उचलायचं.

पूजा करूनही माणूस पुसता येतो. उलट तेच बरं पडतं, कारण तक्रार करायला जागा राहत नाही.

नातेवाईक नीलम्माच्या गोष्टीला हसायचे. खरं सांगायचं तर वच्छलाही मनातल्या मनात म्हणायची, असेल किंवा नसेल. हेच तिला आता टोचत होतं.

*

इंद्रजीत जुळे सोलापुरात तिच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. बँकेत होता. एक आख्खी खोली रेकॉर्डींनी भरलेली, प्रत्येकीला प्लॅस्टिकचा अंगरखा. सुट्टीच्या दिवशी तो त्या धूत बसायचा. बायको, उर्वी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पुढच्या जन्मी मला रेकॉर्ड करून पाठव देवा, निदान महिन्यातून एकदा कोणी हळू हात फिरवेल. रविवारी रेकॉर्ड वाजवायचं काम शताब्दीच्या समितीनं त्याच्याकडं दिलं होतं. वाजवण्याआधी धुवायला पाहिजे, असं तो म्हणाला आणि वच्छला म्हणाली, मी आणून देते. सिद्धेश्वरला हे बरंच वाटलं. नावाचं तिनं त्याला काही सांगितलं नाही.

इंद्रजीतनं रेकॉर्ड कडेनं धरून खिडकीशी नेली. उजेडात तिरकी केली. लेबलभोवती तपकिरी-लाल कडं होतं, जखमेवरच्या खपलीसारखं.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे काय?"

"भक्ती," वच्छला म्हणाली.

त्यानं सामान मांडलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी. नळाचं नको, आपल्या पाण्यात क्षार किती, रेषांत बसतील, म्हणाला. त्या पाण्यात बाळाच्या शाम्पूचा थेंब. मऊ केसांचा ब्रश. वच्छलानं पुसायला म्हणून घरून नवाकोरा टॉवेल आणला होता, सोलापूरचाच. तो त्यानं नम्रपणे बाजूला ठेवला.

"याचे धागे सुटतात काकू. जुनं मलमल चालेल. धोतर वगैरे."

"आमच्या गावचा टॉवेल जगात जातो, आणि तुझ्या खोलीत चालत नाही होय?"

"अंग पुसायला चालतो की."

लेबलवर त्यानं रबराच्या कडेचं झाकण पालथं घातलं, कागद भिजू नये म्हणून. कुंकवाच्या कड्यावर शाम्पूचं पाणी सोडलं.

"आता थांबायचं. मऊ होऊ द्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, ही लाखेची आहे."

वच्छला तेव्हा उठून खिडकीतून खाली सिद्धेश्वरची गाडी आली का बघत होती. वळून म्हणाली, "लाखाची कशाला, करोडाची म्हण."

इंद्रजीत हसला. त्याला वाटलं, काकू थट्टा करतायत. तिला वाटलं, हा कौतुक करतोय. दोघंही खूश. असे घोटाळे आरडाओरडा करून होत नाहीत, हसत हसत होतात.

पंधरा मिनिटं म्हणजे वच्छलाला सोमवार ते शनिवार. ती बसली, उठली. चहाचा कप ढवळला, त्यात साखर नव्हती तरी ढवळला. कड्यावरचं पाणी गुलाबी झालं होतं. इंद्रजीतनं ब्रश रेषेच्या दिशेनं गोल फिरवला, टिपलं, पुन्हा पाणी सोडलं. वरचा थर गेला. खालचा तसाच.

"पिन देऊ का?" वच्छलानं मंगळसूत्राची पिन काढलीसुद्धा.

"पिन आत ठेवा काकू. स्टीलनं रेषा फाटते."

"मग घास की जोरात."

"जोरात घासायला कढई आहे का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बँकेतून. तो बाल्कनीत गेला आणि व्याजाच्या गोष्टी करायला लागला. टेबलावर त्याची नेहमीची रेकॉर्डी धुवायची बाटली होती, निळ्या झाकणाची. त्यानंच तिला पूर्वी दाखवली होती: यात स्पिरिट असतं, कसलाही चिकट मळ जातो, बघा कशी चकचकीत झाली. तेव्हाची ती रेकॉर्ड प्लॅस्टिकची होती. वच्छलाला रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड.

आईचं नाव बोटभर अंतरावर आणि हा माणूस व्याज सांगतोय.

तिनं बाटली उघडली. इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तसा वास आला. एवढी अक्कल मात्र तिला होती की मधे हात घालायचा नाही, आधी कडेला करून बघू. कापूस बुडवला आणि बाहेरच्या कडेवर फिरवला.

कापूस काळाकुट्ट झाला.

निघाला की मळ. तिला एवढा आनंद झाला की तिनं दुसरा बोळा घेतला. तोही काळा. साठ वर्षांचा मळ, ती मनात म्हणाली, आणि हा पोरगा शाम्पूनं आंघोळी घालतोय. तिसरा बोळा बुडवत असताना इंद्रजीत आत आला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि बाटली उचलून लांब ठेवली.

"काकू, तो मळ नाही."

"मग?"

"रेकॉर्ड आहे. रेकॉर्डच निघायलीय. लाखेची आहे म्हटलं ना मी. बांगड्यांची लाख. स्पिरिटमध्ये विरघळते."

वच्छलानं हातातल्या बोळ्याकडं बघितलं. आईच्या आवाजाचा सुरुवातीचा तुकडा त्यात होता. पाय थांबला. ती थांबली की घरातल्यांना भीती वाटायची, पण इथं घरातलं कुणी नव्हतं.

"किती गेलं?"

"कडेचं. गाणं सुरू होतं तिथलं थोडं." त्यानं पाण्याचा फडका फिरवला. कड पांढुरकी, आंधळ्या डोळ्यासारखी झाली होती. "पण शेवट शाबूत आहे."

त्यानं झाकण तिच्याकडं सरकवलं. "हे लेबलवर दाबून धरा. दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." त्यात त्याची युक्ती होती हे तिलाही कळलं. दोन्ही हात अडकले की ती दुसरं काही करू शकणार नव्हती. तिनं धरलं.

मग त्यानं बांबूच्या दातकोरण्या पाण्यात भिजवून मऊ केल्या आणि शेवटची रेष कोरायला घेतली. जोर न लावता, रेषेतून चालवत. कुंकू पापुद्र्यापापुद्र्यानं सुटायला लागलं. प्रत्येक पापुद्रा एक खंडेनवमी. वरच्या सिद्धेश्वरच्या, खालच्या मास्तरांच्या. वच्छलाचे खांदे भरून आले, नाक खाजलं, तिनं झाकण सोडलं नाही. हातानं रेकॉर्ड धरली होती आणि पायानं फरशी कुटत होती.

*

सुई ठेवली तशी आधी खस्स असा आवाज आला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. वच्छलानं डोळे मिटले. ती खरखर तिच्याच कापसाची होती. मग पेटी, आणि मग ती मंद्रूपची पोरगी शेतातल्या माळ्यावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं हाकलायला लागली.

"उठ गं साळुंके, पल्याड जा,
हितलं कणीस माज्या भावाचं..."

आवाज धारदार, जरा नाकातला, कुणाचीही भीड नसलेला. मास्तर "अहाहा" म्हणाले. गाणं संपलं. पेटीचा शेवटचा सूर अजून लोंबत होता, तेवढ्यात, धापा टाकत, एका दमात:

"मी नीलम्मा मंद्रूपची."

बस. एवढंच. सुई मधल्या कोऱ्या जागेत घसरली.

"परत," वच्छला म्हणाली.

इंद्रजीतनं परत लावलं, फोनवर भरूनही घेतलं. तिला ते नको होतं. फोनवर आजकाल कोणीही कुणाचाही आवाज बनवतंय, उद्या सिद्धेश्वरच म्हणेल, बनवलाय. रेकॉर्डला मात्र खोटं बोलता येत नव्हतं. रेकॉर्डवर रविवारी भरल्या सभागृहात ते नाव वाजलं पाहिजे, आणि अव्वा समोर बसलेली पाहिजे. अव्वा ऐंशीची. पुढच्या शताब्दीला ती थांबणार नव्हती.

सिद्धेश्वर आला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात पेढ्यांचा पुडा. इंद्रजीतच्या घरी पहिल्यांदा आला म्हणून.

"झाली का अंघोळ आमच्या आईची?" तो म्हणाला.

वच्छलाला ते चावलं. "बसा अण्णा. ऐका."

तो हात जोडून बसला, देवळात बसतात तसा. गाणं चालू असताना त्याचे ओठ हलत होते. शब्द न शब्द पाठ. मग गाणं संपलं आणि ते नाव आलं. त्याचे हात तसेच जोडलेले राहिले. डोळे उघडले.

"काय म्हणाली?"

इंद्रजीतनं मुकाट्यानं परत लावलं.

सिद्धेश्वर पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होता. "आई गेली तवा मी एवढासा," तो म्हणाला. "रडायला लागलो की आप्पा ही लावायचे. म्हणायचे, गप, ऐक, आई शेतात पाखरं हाकलायलीय, येतीय आता." दोरा सुटला. "वच्छलाक्का, माजी साठी उलटली. आता सांगायलीस व्हय, ती माजी आई न्हाय म्हणून?"

"मी कुटं सांगितलं. तिनंच सांगितलं."

"मग माज्या आईचा आवाज कुटं हाय?"

वच्छलाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटलं की बाईनं आपली जागा सोडायची, हा धडा अव्वाला आयुष्यभर सगळ्यांनी शिकवला होता आणि वच्छलाला तो पाठ करायचा नव्हता.

"रविवारी एक करू," सिद्धेश्वर इंद्रजीतकडं बघत म्हणाला. "गाणं झालं की सुई उचला. नाव काय, गाण्याचा भाग न्हाय."

"न्हाय," वच्छला म्हणाली.

"पत्रिका छापल्यात अक्का. पाहुणे येणारेत. आप्पांची शोभा करू नको."

"शोभा मास्तरांनीच करून ठेवलीय. आणि पार्टी म्हणे. माणसाला पार्टी म्हणतात व्हय?"

"रेकॉर्ड माजी हाय."

"आणि आवाज?"

इंद्रजीत मधे म्हणाला, "आपण शांतपणे..." दोघांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो रेकॉर्डचा अंगरखा शोधायला लागला.

सिद्धेश्वरनं रेकॉर्ड स्वतःच अभ्र्यात घातली. घालताना थबकला. "ही कड पांढरी कशानं पडली?"

"माझ्यानं," वच्छला म्हणाली. "घाई केली."

त्यानं अभ्र्याला गाठ मारली आणि उठला. पेढे तिथंच विसरून गेला.

*

नीलम्मा पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. एक परातीत, एक तोंडात. कानानं कमी ऐकायची, पण वच्छलाच्या पावलावरून तिला सगळं कळायचं.

"अव्वा, निघालं."

"काय निघालं?"

"नाव. तुझं. रेकॉर्डवरचं."

"मग? मी सांगितलंच हुतं की."

एवढंच. वच्छलाला वाटलं होतं रडेल, पदर लावेल, निदान शेंगा थांबवेल. तिनं फोन आईच्या कानाशी धरला. नीलम्मानं तोंड वाकडं केलं.

"डास गुणगुणायलाय. न्हाय कळत. खऱ्या मशिनीवर लावतील तवा ऐकीन."

"लावतील का नाही तेच बघायचंय. तो सुई उचल म्हणतोय." वच्छला खोलीत फेऱ्या मारायला लागली. "अव्वा, मास्तरांनी मुद्दाम लावलं का गं कुंकू? तिथंच?"

"पेटीलाबी लावायचे. सायकलीलाबी."

"पण नेमकं शेवटीच?"

"ते त्यास्नी इचार."

"नाव सांगितलंस त्या दिवशी काही बोलले?"

"बोलले की. गाडीत बसल्यावर म्हणाले, तुजं नाव कोण इचारलं हुतं?" नीलम्मानं शेंग दाबली, फोल निघाली, फेकली. "तवापासून न्हाय नेलं परत."

वच्छला थांबली. हे तिला ठाऊक नव्हतं. लग्न झालं म्हणून गाणं सुटलं, असं घरात सांगत आले होते.

"आणि तू गप बसलीस?"

"गप कुटं? मी नाव सांगितलं हुतं. ऐकायचं काम तुमचं." मग पायाकडं बोट दाखवून म्हणाली, "तो पाय थांबव. फरशी हालायलीय."

*

रविवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत फेटे. नीलम्मा तिसऱ्या रांगेत, इरकलीत, मांडीवर पाण्याची बाटली. वच्छला बसेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली, स्टेजच्या पायऱ्यांजवळ.

स्टेजवर मास्तरांचा हार घातलेला फोटो, शेजारी टेबलावर इंद्रजीतचं मशिन, आणि त्याच्यावर काळी रेकॉर्ड. इंद्रजीत घामाघूम. त्याला सकाळी दोघांचेही फोन आले होते आणि त्यानं दोघांनाही "बघतो" म्हटलं होतं. बँकेत हे चालतं.

भाषणं झाली. एकानं मास्तरांना गायक म्हटलं. दुसऱ्यानं सरोजिनीबाईंच्या स्वराला कोकिळा. मग सिद्धेश्वर उठला, फोटोला कुंकू लावलं, आणि हातात करंडा तसाच घेऊन मशिनकडं वळला. रीतच आहे. वाजवायच्या आधी वस्तूची पूजा.

अंगठा लाल होता. वच्छला पहिल्या पायरीवर चढली.

"अण्णा," ती एवढंच म्हणाली. माईक लांब होता, पण त्याला ऐकू गेलं.

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग रेकॉर्डकडं. अंगठा हवेत. आणि मग तो खाली वाकला आणि मशिनच्या लाकडी पेटीला कुंकू लावलं. कोपऱ्यात. नमस्कार करून बाजूला झाला.

वच्छलाचा श्वास सुटला. माणूस आहे, तिला वाटलं. समजलं त्याला. ती पायरीवरून खाली उतरली. हीच तिची चूक. भल्या माणसावर विश्वास ठेवायला वेळ घ्यावा, ही अक्कल तिला घाईत कधी आलीच नाही.

इंद्रजीतनं सुई ठेवली. खस्स. पुढच्या रांगेतला एक फेटा दचकला. मग पेटी, मग ती पोरगी. ज्यांनी आयुष्यात ज्वारी फक्त पोत्यात बघितली तेही पाखरं बघायला लागले. तिसऱ्या रांगेत नीलम्मा तोंड उघडं ठेवून पुढं वाकली होती.

शेवटचं कडवं संपत आलं. इंद्रजीतचा हात सुईकडं गेला नाही. मांडीवरच राहिला. आणि पेटीचा शेवटचा सूर लागायच्या आधीच सिद्धेश्वर उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मोठमोठ्यानं, हात डोक्यावर नेऊन. त्याचं बघून पहिली रांग उठली. पहिलीचं बघून सगळे. अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या पिटत होतं, आणि त्या गडगडाटात कुठंतरी एक पोरगी धापा टाकत काहीतरी म्हणाली आणि सुई घसरली.

कुंकू नाही, सुईला हात नाही. नुसता मान दिला.

सिद्धेश्वरच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं. टाळ्याही तो खऱ्याच वाजवत होता. वच्छलाला तेच सहन झालं नाही.

ती पायऱ्या चढली. कुणीतरी "बाई, बाई" म्हणालं. तिनं माईक ओढला. तो किंचाळला आणि टाळ्या विस्कटल्या.

"बसा," ती म्हणाली. "गाणं संपलं न्हाय अजून."

मोठी माणसं बसली. का बसली त्यांनाही कळलं नसेल. शाळेच्या ऑफिसातला आवाज होता तो, दाखल्याला आलेल्या पालकांना बसवणारा.

"अक्का," सिद्धेश्वर हळू म्हणाला. "नको."

"तुमची आई गेली, मला वाईट वाटतं," ती म्हणाली. माईक चालूच होता. "माझी हितं बसलीय."

तिनं सुईची दांडी उचलली. हाताला घाई होती. इंद्रजीत उठला, तिचं मनगट धरणार होता, मग त्यानं नुसतं तिच्या कोपराखाली आपला तळहात ठेवला. टेकू दिला. घाई जरा कमी झाली. लेबलजवळच्या, कोरून काढलेल्या शेवटच्या रेषांवर तिनं सुई सोडली.

पेटीचा सूर. धाप. आणि भरल्या, गप्प सभागृहात:

"मी नीलम्मा मंद्रूपची."

टाळी कुणी वाजवली नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी पत्रिका उलटून बघत होतं. सिद्धेश्वर फोटोकडं तोंड करून उभा होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती.

तिसऱ्या रांगेत नीलम्मानं शेजारच्या अनोळखी बाईच्या दंडाला हात लावला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

"बगा की," ती नाराजीनं म्हणाली. "लई घाईत बोललेय मी."